खोक्याबाहेरचे पैलवान

प्लास्टिकच्या पैलवानाचे दात बघून त्याचं वय सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे सोपानआबा.

"आ वासलाय म्हून बरं झालं," असं म्हणत आबा ती वीतभर उंचीची बाहुली उन्हाकडे धरत, एक डोळा मिटत आणि तिच्या रंगवलेल्या दातांवरून अंगठा फिरवत. "जुळलेला हाय. कोवळा न्हाई. पण काम दील अजून." जुळलेला म्हणजे सगळे दात आलेला, पूर्ण वयाचा बैल. मग ते पैलवानाचे खांदे हलवून बघत, खुबा फिरवून कानाशी नेत आणि शेवटी फर्मावत, "माल उभा करा!" पैलवान ओट्यावर उभा राहिला तर भाव एक. लवंडला तर दुसरा.

मी तीर्थपुरीच्या पुढच्या एका लहान गावातून शिकून जालन्याला आलो होतो. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मीच. जुन्या जालन्यात शाळेत नोकरी लागली आणि आबांच्या घरातली पुढची खोली भाड्याने मिळाली. खोली दाखवताना आबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. आता माझेही दात बघतात की काय, असं वाटलं. पण तेवढ्यावर भागलं. "बराबर हाय. ऱ्हावा," म्हणाले. परक्या गावात मला पहिल्यांदा कुणी 'ऱ्हावा' म्हटलं, ते त्यांनी. ते मी विसरलेलो नाही.

आबांचा जन्म बैलबाजारात दलाली करण्यात गेला होता. अंबडपासून भोकरदनपर्यंत कोणत्या गोठ्यात कोणता बैल, त्याची खोड काय, हे त्यांना पाठ. पण गावोगाव ट्रॅक्टर आले, बाजार विरळ झाले आणि आबांचे गुडघेही बोलू लागले. मुलगा पुण्याला कंपनीत. आबा दिवसभर ओट्यावर बसून समोरच्या रस्त्याकडे बघत. रिक्षा गेली की मान इकडून तिकडे, स्कूटर गेली की तिकडून इकडे.

"त्या रिक्षाची किंमत करून राह्यले," आजी आतून म्हणत. आजी म्हणजे आबांची बायको, रखमाबाई. त्यांच्या जिभेला दोन्ही बाजूंनी धार होती.

मग आमच्या गल्लीत केबल आली. केबलवर परदेशातली कुस्ती दिसायला लागली आणि पोरांना वेड लागलं. आबांच्या घरासमोर सुगनशेठचं खेळण्यांचं दुकान. त्यांनी लगेच प्लास्टिकचे पैलवान आणले. एकेक पैलवान वेगळ्या खोक्यात, खोक्याला पारदर्शक खिडकी, आणि पैलवानाच्या कमरेला सोनेरी पट्टा. पोरं हट्ट करून एकेक घेत आणि आठवडाभरात त्याचं खोकं फाडून, खांदा ढिला करून दुसऱ्यासाठी रडत.

एक दिवस गल्लीच्या टोकाला राहणारी शबाना आपला पैलवान घेऊन शेठच्या दारात उभी राहिली. दहा-अकरा वर्षांची, तोंडाने फटकळ पोरगी. तिच्या मामूंनी तो दुबईहून आणला होता. तोंडावर मुखवटा, कमरेला सोनेरी पट्टा, दंड भोपळ्याएवढे, पण एका पायात खोट.

"शेठ, ये खडाच नै रैता. बदल के देव."

"बेटा, माझ्या दुकानचा नाही. आणि असता तरी काय? खोकं फाटलं, भाव फाटला. सुट्टा माल म्हणजे कचरा."

ओट्यावरून आबा गरजले, "कोन म्हन्तं कचरा? इकडं आन गं तो माल!"

त्यांनी मुखवटेवाल्याला हातात घेतलं. खांदे पाहिले, पाठ पाहिली. उलटा करून तळपाय पाहिला. तिथे कारखान्याचा शिक्का होता. आबांचे डोळे चमकले.

"डाग हाय खुराला! जातिवंत जनावर हाय हे. देवणी म्हना, देवणी! पोरी, गिऱ्हाईक मी आनतो. पैसा तुजा, दलाली माजी."

"दलाली कित्ती?"

"मूठभर फुटाने."

असा तो बाजार सुरू झाला. शाळा सुटली की पोरं आपापला नको झालेला पैलवान घेऊन ओट्यावर हजर. आबा एकाचा दुसऱ्याशी सौदा लावून देत. पैलवानांना नावंही बैलांच्या जातींची. लालसर रंगाचा पैलवान लाल कंधारी, उंच पांढरा तो खिलार. सौदा करण्याची पद्धत अगदी बैलबाजारातली. दोन पोरांचे हात आपल्या खांद्यावरच्या दस्तीखाली, म्हणजे रुमालाखाली, घ्यायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, आणि बघणाऱ्याला आकडा कळू द्यायचा नाही. पोरांना गुदगुल्या होत, आबा मात्र गंभीर. "हसू नगं. हसलं का भाव उतरतो."

त्यांचे नियमही बाजारातलेच. पहिला, मालाची खोड तोंडावर सांगायची. "याचा उजवा दंड निखळतो. नंतर भांडान नगं." दुसरा नियम त्याहून कडक. बैल विकला तरी विकणारा आपलं दावं परत घेतो, कारण दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते. म्हणून इथे पैलवान विकणारं पोर पैलवानाचा पट्टा स्वतःकडे ठेवणार. गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या खिशात, मनगटावर, पेन्सिलीला सोनेरी पट्टे दिसू लागले. एक तर शेळीच्या शिंगावर पाहिला.

मी एकदा बिचकत म्हणालो, "आबा, पट्ट्यासकट दिला तर भाव चांगला येईल ना?"

"सर, तुमी शिकलेले. तुमच्या शाळंत काय बी शिकवा. बाजारात दावं जात नसतं."

सुगनशेठचा नवा माल मात्र खोक्यातच राहू लागला. एके संध्याकाळी ते रस्ता ओलांडून आले, पाचपन्नास पोरांसमोर उभे राहिले. तसे सज्जन गृहस्थ, पण त्या दिवशी कान लाल झाले होते.

"आबा, हा पोरखेळ झाला. पोराचा माल पोराला. भाव म्हणतात तो हा नव्हे. एक सुट्टा पैलवान, एकच, माझ्या खोक्यातल्या नव्या पैलवानापेक्षा जास्त भावात विकून दाखवा. पोळ्यापर्यंत."

"अन् न्हाई इकला तर?"

"तर ओटा बंद."

"बिलकुल मंजूर," आबा म्हणाले. "अन् इकला तर?"

"तर मीच गिऱ्हाइकाला सांगीन, सुट्टा माल आबांकडं बघा."

आत गेल्यावर आजींनी तोंड सोडलं. "पोळा महिन्यावर आलाय. मोडका बाहुला घेणार कोन? ओटा बंद झाल्यावर काय करणार? परत रिक्षा मोजणार?"

दुसऱ्या दिवसापासून आबा शबानाच्या, अजून न विकलेल्या, मुखवटेवाल्याच्या मागे लागले. बाकीचे सौदे चालूच, पण हा माल रोज वेगळा काढत. मऊ फडक्याने पुसत. गुडघे दुखत असताना बसस्टँडवर जाऊन आले, हातात मुखवटेवाला. कंडक्टरला दाखवला, पानवाल्याला दाखवला, तालुक्याच्या कामाला आलेल्या एका वकिलाला दाखवला. वकिलाने फी मागायची तेवढी बाकी ठेवली. आबा परत आल्यावर म्हणाले, "गिऱ्हाईक हाय. फक्त त्याला अजून कळलं न्हाई का त्यो गिऱ्हाईक हाय."

शबानाचा धीर सुटत चालला होता. "आबा, दस रुपये में देदेव ना किसी को."

"गप. जातिवंत जनावर हाय. पडत्या भावानं देनार न्हाई."

पोळा तीन दिवसांवर आला आणि गल्लीत बहिणीकडे एक तरुण पाहुणा आला. औरंगाबादला नोकरी करणारा. भाच्यांकडून ओट्याची हकिकत ऐकून गंमत म्हणून बघायला आला आणि मुखवटेवाला दिसताच खाली बसला. तळपायाचा शिक्का पाहिला. परदेशी बनावटीचे असले पैलवान तो जमवत होता.

"हा कितीला देणार, आबा?"

आबांनी आधी खोड सांगितली. "डाव्या पायात खोट हाय. टेकू लागतो. पाठीचा रंग थोडा गेलाय, अजून जाईल. आता हात आना."

दस्ती पसरली गेली. गल्लीतली सगळी पोरं गोळा झाली. समोरून शेठ आले. आकडा आपल्याला कसा कळणार, म्हणून त्यांनीही आपला हात दस्तीखाली घातला. तीन मोठी माणसं एका फडक्याखाली हात घालून एकमेकांकडे बघत बसली होती. शेठनीच तोंड उघडलं.

"कमी आहे. माझ्या खोक्यापेक्षा कमी आहे, आबा."

पाहुणा ओशाळला. "पट्टा नाही ना याचा. पट्टा असता तर दुप्पट दिले असते. आहे का पट्टा?"

सगळी पोरं शबानाकडे बघायला लागली. पट्टा तिच्या मनगटावरच होता.

आबांनी हात दस्तीतून बाहेर काढला. "दावं जात न्हाई."

"अहो, द्या की!" आजी दारातून ओरडल्या. "ओटा जाऊन राह्यला तुमचा!"

"जाऊ द्या. पोरीच्या घरची लक्ष्मी मी मागनार न्हाई."

सुगनशेठसुद्धा अवघडले. एवढं ओढून धरण्याचा त्यांचाही विचार नसावा. मग शबानाने मनगटावरचा पट्टा दातांनी सोडवला आणि आबांपुढे धरला.

"लेव. मेरेकू नै होना."

"पोरी, तुला कळत न्हाई. लक्ष्मी जाती."

"बाजार बंद हुआ तो पट्टा लेके क्या करूं मैं? शाम को कां बैठूं?"

आबा गुडघ्यावर हात देऊन उठले आणि आत गेले. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. आजी एकदम म्हणाल्या, "अवो, ते नगं!" आणि तिथेच थांबल्या.

आबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक जुनं, जाड दावं होतं. हातांनी वापरून वापरून काळं आणि गुळगुळीत झालेलं. त्यांच्या स्वतःच्या दावणीचा शेवटचा बैल, हौश्या, त्यांनी विकला तेव्हा परत घेतलेलं. आतल्या खोलीच्या दारामागे ते असतं, एवढंच मला ठाऊक होतं. आजी सगळं घर सारवत, झाडत, पण त्याला हात लावत नसत.

आबांनी ते शबानाच्या दोन्ही हातांवर ठेवलं. पोरगी ओझ्याने थोडी वाकली.

"हे तुज्या घरी ऱ्हाऊ दे. आता तुजं घर मोकळं न्हाई. आता दे पट्टा."

पट्टा मुखवटेवाल्याच्या कमरेला लागला. तिघांचे हात पुन्हा दस्तीखाली गेले. थोड्या वेळाने शेठनी आपला हात काढला, कपाळावरचा घाम पुसला आणि जमलेल्या पोरांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "सुट्टा माल आबांकडं बघा रे!" पोरांनी असा काही कल्ला केला की माळवदावरची कबुतरं उडाली. पाहुण्याने पैसे शबानाच्या हातावर मोजले. तिने धावत जाऊन फुटाणे आणले, आबांनी त्यातला एक तोंडात टाकला आणि बाकीचे पोरांत वाटले.

मला वाटलं होतं, आबा आता छाती काढून बसतील, शेठला दोन शब्द ऐकवतील. त्यांनी तसं काही केलं नाही. शेठला पाटावर बसवून चहा पाजला. अंधार पडायच्या सुमारास पोरं पांगली. शबाना दाव्याचं वेटोळं खांद्यावर टाकून निघाली. त्याचं एक टोक तिच्यामागे रस्त्यावरून घासत चाललं होतं. ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत आबा त्या टोकाकडे बघत होते.

आजी त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. एरवी त्या ओट्यावर कधी बसत नसत. "दिलंत शेवटी," एवढंच म्हणाल्या.

"दावं घरात व्हतं," आबा म्हणाले, "पन वट्ट्यावर येनारं कोनी नव्हतं."

मी माझ्या खोलीकडे वळलो तशी त्यांनी हाक मारली.

"सर, तुमच्या शाळंत हाय ना ती पोरगी? उद्या सांगा तिला. दावं धुऊ नगं म्हनावं. हौश्याचा वास हाय त्याला."