तांब्याखालचं कडं

"चालत्या वस्तूला हात लावायचा नाही!" हे माझं तत्त्व. या तत्त्वावर मी बारा वर्षं निपाणीत मास्तरकी केली, पंधरा वर्षं संसार केला आणि तीन वर्षं सेकंडहँड फियाट चालवली. मोटारीच्या बाबतीत मला कुणी फसवून दाखवावं, असंही मी मोठ्या तोंडानं सांगत असे. आता सांगत नाही. दमलो.

झालं असं, की आमची कमलाआत्ती महिनाभर आमच्याकडं होती. तिचं एकाशनाचं व्रत चालू होतं. दिवसातून एकदाच जेवायचं, पाणीही त्याच वेळी प्यायचं, आणि सगळं दिवस मावळायच्या आत! शेवटच्या दिवशी तिला आपल्या गावी, संकेश्वरला, बस्तीत म्हणजे जैन मंदिरात दर्शन घेऊन मगच जेवायचं होतं. उशीर झाला तर दुसऱ्या दिवसापर्यंत कडकडीत उपास, आणि आत्तीचं वय चौऱ्याहत्तर. मागच्या वर्षी एसटीत तिचा गाळलेल्या पाण्याचा तांब्या कलंडला होता आणि बिचारी नुसत्या भाकरीवर राहिली होती. म्हणून मी छातीठोकपणे म्हणालो, "आत्ती, यंदा गाडीनं जायचं. थेंब सांडणार नाही!"

फियाट क्लच बदलायला भरमू मिस्त्रीकडं होती. त्या दिवशी सकाळी नऊला गेलो तर गिअरबॉक्स जमिनीवर आणि भरमू गाडीखाली बॅटरीचा उजेड पाडत आडवा.

"मास्तर, इंजिनाच्या मागचं ऑइल सील, त्येल आडवायचं रबर, ओलं दिसतंय. सगळं उघडलंयच, तर नवं घालू काय? तासाभराचं काम हाय."

"गळतंय का?"

"आजून न्हाय. पर गळंल."

"गळेल तेव्हा बघू!"

"तवा पुन्हा सगळं खाली उतरावं लागंल की वो! आन् त्येल गळलं तर थेट क्लचवर जातंय."

बघा! न दुखणारा दात उपटू म्हणणाऱ्या डॉक्टरावर कुणी विश्वास ठेवतं का? पण आत्तीच्या जेवणाचा प्रश्न होता. जाणकाराचा सल्ला घ्यावा म्हणून बाबगोंडामामांना बोलावणं पाठवलं. मामा तंबाखूचे व्यापारी. एके काळी त्यांच्याकडं जीप होती, एवढ्या भांडवलावर ते मोटारीतले जाणकार.

मामांनी वाकून बघितलं. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. मग तंबाखूचं पान पारखतात तसं ते ओलं तेल दोन बोटांत चोळून हुंगलं आणि डोळे मिटले.

"ब्याड! नको!" मामा म्हणाले. महत्त्वाचं बोलायचं असलं की मामा कानडीत शिरतात. "आरं, हे सील मुरलंय. मुरल्या मालाला मोडायचं नसतंय. नवा माल दगा देतोय!"

"मामा, ते रबर हाय. त्यो काय तंबाखू न्हाय," भरमू गाडीखालून म्हणाला.

झालं! मामा खवळले. त्यांनी जीपची हकिगत काढली. जीप चिकोडीला पोचेपर्यंत अकरा वाजले. भरमूनं आपल्या हातून गेलेल्या सगळ्या गाड्यांची सीलं सांगितली, तेवढ्यात बारा. मधूनमधून तो विचारायचा, "घालू काय?" आणि मी म्हणायचो, "थांब, विचार करतोय." तासाभराच्या कामावर आम्ही चार तास विचार केला! शेवटी एक वाजता मी निकाल दिला.

"नको. आहे तसंच बसव."

भरमूनं पाना उचलला. गिअरबॉक्स चढवून गाडी दारात आणून लावेपर्यंत साडेतीन वाजले. थंडीचे दिवस, सहाला अंधारतं. आत्ती सकाळपासून उपाशी, ओटीवर तांब्या घेऊन बसलेली. गाडीत बसता बसता तिनं विचारलं, "धनपाल, हितं पुढच्या खणात काळं कडं पडलंय. तांब्याखाली घिऊ काय रं?"

"घे की!" मी न बघताच म्हणालो. मला घाई होती.

तवंदीचा घाट लागला आणि इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं. गाडी हलेना! करपलेल्या तेलाचा वास सुटला. मी उतरून चाकाला दगड लावला आणि खाली वाकून बघितलं. टप्. टप्. टप्.

"काय झालं रं?"

"आत्ती, चुकलो. सील बदलायला पाहिजे होतं."

खरंच रडू यायचं बाकी होतं. म्हातारी माझ्या तत्त्वापायी उपाशी राहणार! पण आत्ती शांतपणे उतरली. वर स्तवनिधीच्या बस्तीकडं बायका चालत निघाल्या होत्या.

"देव काय एकाच गावात आसतोय व्हय? मी हितंच दर्शन घिऊन जेवते. तू गाडी बघ." आणि तांब्या घेऊन ती तरातरा घाट चढून गेलीसुद्धा!

मी एका ट्रकवाल्याकडं भरमूला निरोप दिला आणि गाडी राखत बसलो. पोटात कावळे ओरडत होते. भरमू राजदूत फटफटीवरून आला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता.

"सील गेलं, मास्तर."

"माहीत आहे. आता नवं कुठून आणायचं?"

"आणायचं कशाला? गाडीतच ठेवलतो की, पुढच्या खणात! म्हटलं, मास्तरांचं मन बदललं तर खोळंबा नको."

मी खणात हात घातला. खण रिकामा!

आम्ही दोघं वर बस्तीत गेलो. पूजेला आलेल्या मंडळींची पंगत उठली होती. आत्ती तृप्त चेहऱ्यानं बसली होती. पुढ्यात तांब्या. तांब्याखाली आमचं नवं कोरं ऑइल सील.

"लई गुणाचं कडं हाय रं," आत्ती म्हणाली. "येवढा घाट चढले, थेंब सांडला न्हाय!"

"सील चांगलंच हुतं," भरमू म्हणाला.

"आत्ती, काही उरलंय का जेवायला?" मी हळूच विचारलं.

आत्तीनं पश्चिमेकडं बघितलं. "दिवस मावळला की, धनपाल. दिवस बुडल्यावर बस्तीत कुणालाच वाढत न्हाईत. आता उद्याच."

दुसऱ्या दिवशी आत्ती कड्यासकट एसटीनं आपल्या गावी गेली. नंतर फियाट आठ दिवस भरमूकडं पोट उघडं टाकून पडली होती, कारण तसलं सील निपाणीत ते एकच होतं. आणि ते संकेश्वरला आत्तीच्या तांब्याखाली उत्तम काम करत होतं. परत मागावं असं दोनदा मनात आलं. पण चालत्या वस्तूला हात लावायचा नाही, हे माझं तत्त्व आहे!