पामराची आंघोळ

विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, या एका नियमावर मी तहसील कचेरीत बारा वर्षं अहलकारी, म्हणजे कारकुनी, केली. पण त्या दिवशी तहसीलदारसाहेबांनी विचारलं, "आमच्या बेगमसाहेबांच्या कुत्रीला पिल्लं झालीत, कुणाला हवंय का?" माझ्या वरची, पेशकाराची, जागा नेमकी रिकामी होती आणि ती भरणं साहेबांच्याच हातात होतं. मी लगेच "मला" म्हणून उभा राहिलो.

आमच्या माजलगावात कुत्रं म्हणजे उकिरड्यावर झोपणारं आणि पाहुण्यावर भुंकणारं जनावर. ही जात हैदराबादेहून आलेली, झिपरी, उशीएवढी. तिचं नाव पामेरियन. कचेरीत तो शब्द कुणाच्याच तोंडी बसेना, तेव्हा सगळे 'पामर' म्हणू लागले. तीन पिल्लांतलं एक मला चावलं, एक पळालं, तिसऱ्यानं माझ्याकडे बघून जांभई दिली आणि ते झोपलं. मी तेच उचललं. (कचेरीत मुरलेल्या माणसाला आपला माणूस ओळखता येतो.)

सोबत बेगमसाहेबांची उर्दू चिठ्ठी होती. मी ती बायकोसमोर, म्हणजे रुक्मिणीसमोर, मोठ्यानं वाचली. दूध इतकं, भात इतका, आणि शेवटी, "रोजाना दो वक्त नहलाना. म्हणजे रोज दोन वेळा आंघोळ घालायची."

"दोन येळा? तुमी तर एकदाच करता, ती बी कुरकुरत."

"विलायती जात आहे. आणि लेखी हुकूम आहे."

"हुकूम तुमाला हाय. मंग पानी बी तुमीच आना."

पौषाचा महिना. सकाळ-संध्याकाळ मी सिंदफणा नदीवरून घागरी आणू लागलो. वाटेत लोक विचारत, "मुंशी, कोन न्हातंय इतकं?" मी म्हणे, "पामर." लोकांना वाटे, मी नम्रपणे स्वतःविषयीच बोलतोय.

भिजल्यावर पामर उंदराएवढा उरे आणि माझ्याकडे असा बघे की मला शरम वाटे. आठ दिवसांत तो शिंकू लागला. आधी त्याला चार हात लांब ठेवणारी रुक्मिणी आता त्याला पदरात गुंडाळून चुलीपाशी बसायची, ओव्याची धुरी द्यायची. एका संध्याकाळी मी घागर घेऊन आलो तर ती दारात आडवी उभी.

"आज न्हाई घालायची. लेकरू शिंकतंय."

"बेगमसाहेबांना कळलं तर?"

"कळू द्या. पोटचं तर देवानं दिलं न्हाई, हे तरी राहू द्या."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण हे ती कधी बोलली नव्हती. मी घागर अंगणात उपडी केली.

दुसऱ्याच दिवशी बेगमसाहेबांची पडदा लावलेली बैलांची दमणी दारात उभी राहिली. त्या आत गेल्या, मी ओसरीवर कान देऊन बसलो. आतून एक शिंक ऐकू आली.

"ये छींकता कायकू?" बेगमसाहेबांचा आवाज चढला.

"रोज दोनदा न्हाऊ घातल्यावर कोन शिंकनार न्हाई?" रुक्मिणी म्हणाली.

"नहलाने को किने बोला?"

"तुमच्याच चिठीत हाय. मालकांनी वाचली."

दाराच्या पडद्याआडून एक हात बाहेर आला. मी त्यावर चिठ्ठी ठेवली.

"मुंशीजी, मैं टहलाना लिखी. फिराने को बोली मैं."

उर्दूत 'नहलाना'च्या पहिल्या अक्षरावर ठिपका असतो आणि 'टहलाना'च्या पहिल्या अक्षरावर ठिपक्याहून जराशी मोठी खूण. एवढ्याशा खुणेवरून मी पंधरा दिवस नदी घरी आणत होतो.

"कुत्ता मैं वापस ले जाती," बेगमसाहेब म्हणाल्या.

मग रुक्मिणीचा आवाज आला, बसलेला. "बाईसाहेब, चूक वाचनाऱ्याची हाय. मला तर वाचताच येत न्हाई."

मग बेगमसाहेब हसल्या. "अच्छा. कुत्ता तेरा. आगेसे जो बोलना, तेरेकोच बोलूंगी."

पेशकारी अर्थातच दुसऱ्या कुणाला मिळाली. पामर राहिला. दोन वेळा फिरवण्याचा हुकूम आता रुक्मिणीला तोंडी आहे, आणि ती तो नीट पाळते. "अजून त्याच्या अंगात थंडी हाय," ती त्याला मांडीवर घेऊन म्हणते, "त्याच्या वाटचं तुमीच फिरून या."

मी एकटाच दोन वेळा फिरून येतो. आता चैत्र सरत आला, ऊन चटके देतंय, पण तिच्या मते पामराची थंडी अजून गेलेली नाही.