आडवे निजून दर्या ओलांडिल्याची हकीकत

श्री. कोणी पुसिले नसता, कोणाची आज्ञा नसता, केवळ खरे ते लिहून ठेवावे, मागाहून ज्याने त्याने आपल्या पदरचे तिखटमीठ लावू नये, या एकाच हेतूने लिहिली हकीकत ऐसी जे: राजमान्य राजश्री गादीवाले काका, अखंडित-फोम-कापूस-अलंकृत, यांणी आपले कुटुंब वज्रचुडेमंडित काकूसाहेब यांसी रात्रीच्या विमानाने, बिझनेस क्लासात आडवे निजवून, प्रशांत नामे दर्यापार कन्येकडे सुखरूप नेण्याची जी मोहीम केली, तिचा मजकूर येणेप्रमाणे. लिहिणार सेवक दुकानी गाद्यांच्या खोळी शिवतो. त्याचे मशीन कारखान्याच्या खिडकीशी असल्याने सर्व खलबते आपोआप कानी पडली. मुद्दाम कान दिला म्हणून कोणी म्हणेल तर ते खोटे जाणावे.

मोहिमेचे मूळ ऐसे. काकांची कन्या एकुलती एक आणि मोठी मानी. वर्षानुवर्षे दर्यापार राहिली, नोकरी केली, लग्न केले, घर घेतले, आणि कधी कोणाकडे काही मागितले नाही. मग तिला दिवस गेले, आणि वैद्यांनी अंथरुणावरून उठू नये म्हणून ताकीद दिल्ही, आणि जावई दिवसभर कामावर, तेव्हा एके दिवशी ती फोनवर बोलली, "आई, तू येतेस का?" इतकेच. काकूंनी "बघू" म्हणोन फोन ठेविला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासिली.

पूर्वी दर वेळेस जाण्याचा विषय निघे, आणि दर वेळेस काकूंची कंबर आड येई. मणक्याची चकती सरकलेली. खुर्चीत तासभर बसल्या की उठते समयी दोन माणसे लागत. दर्या तो अख्ख्या रात्रीचा, आणि वर आणखी अर्ध्या दिवसाचा. परंतु या खेपेस न जावे, तर लेक पुन्हा जन्मात मागणार नाही, हे उभयतांस पक्के ठाऊक. सबब काकांनी कारखान्यात सर्वांसमक्ष हुकूम फर्माविला की, कुटुंब जाईल आणि आडवे जाईल. खर्चाचा शब्द जो काढील त्याने दुकानाची पायरी चढू नये. हयातभर दुसऱ्यांची माणसे निजविली, एकदा घरचे निजवू. ऐकून सेवकाचे डोळे भरून आले, आणि मग सुई बोटात गेली.

आता कोणत्या कंपनीचे विमान घ्यावे, यावरून घरात दोन तट पडले. एका तटाचे सरदार काकांचे भाचे. हे कुठल्याशा मोठ्या कचेरीत सल्ला देण्याचे काम करीत, महिन्यातून दोनदा आकाशात असत, आणि जमिनीवर असले तरी तेथीलच गोष्टी सांगत. यांचा भर एका तालेवार कंपनीवर, जिच्या विमानात प्रत्येक आसनास स्वतंत्र भिंत आणि सरकते दार. दार लावले की आपण आणि आपली निद्रा. जगात दुसरे कोणी नाही. दुसऱ्या तटाच्या सरदार भाच्यांच्याच मातुश्री, म्हणजे काकांच्या वडील भगिनी, ज्यांस सर्व ताईसाहेब म्हणत. ताईसाहेब एकदाच बिझनेस क्लासात बसल्या होत्या, परंतु त्याचे वर्णन अद्याप संपले नव्हते. त्या कंपनीने त्यांस निजावयास मऊ पायजमा दिल्हा, सपाता दिल्ह्या, आणि क्रीम-अत्तराची चिमुकली पिशवी दिल्ही, ती त्या देवाच्या प्रसादासारखी पर्समध्ये बाळगीत. सबब मायलेकांत हातघाईची लढाई सुरू जाहली. आई म्हणे, दाराला काय चाटायचंय. पुत्र म्हणे, पायजमा घरूनही नेता येतो. कोणी हटेना.

काका उभयतांचे ऐकून घेत आणि मान हालवीत, परंतु त्यांचे चित्ती निराळेच होते. दुकानाचा दंडक असा की, निजून पाहिल्याशिवाय गादी विकावयाची नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्यास जोडे काढून, कुशीवर वळून, डोळे मिटून दाखवावे लागे. सबब काका खासा स्वारी करून दारवाल्या कंपनीच्या कचेरीत गेले, आणि खुर्चीवर निजून पाहण्याची मागणी केली. तेथील बाईंनी अदबीने रंगीत चित्र पुढे केले. काकांनी चित्र उलटे करून पाहिले, आणि मग म्हणाले, "बाई, यावर पाठ कशी टेकायची?"  काका परतले आणि कारखान्यात येऊन हुकूम केला की, विमान जर दुकानात येत नसेल, तर दुकानातच विमान करावे.

मग जी धामधूम उडाली ती काय वर्णावी. शेजारच्या सुताराकडून प्लायवूड आणविले. भाच्यांनी आपल्या लॅपटॉपातून प्रत्येक कंपनीच्या आसनाची मापे काढून दिल्ही, ती काका मोठ्याने म्हणत आणि सुतार कापीत. कापूस पिंजावयाचे थांबले, गिऱ्हाइकांस 'उद्या या' सांगितले, आणि रविवारी दुकानाचे शटर अर्धे ओढून परीक्षेचा मुहूर्त धरिला. खास विमानातल्यासारखे वाटावे म्हणोन ताईसाहेबांनी पाण्याचे पेले ट्रेमध्ये घालून फिरविले, आणि मोठा पंखा घरघरत ठेविला.

प्रथम पायजमावाल्या कंपनीचे आसन. काकू घरचाच पायजमा घालून आत निजल्या. गादी चांगली, उशी चांगली, परंतु पाय जेथे घालावयाचे ती खोबण निमुळती, आणि काकू निजतात कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. गुडघे फळीस अडले. सरळ करावे तर कंबर तक्रार करी, वाकवावे तर फळी. काकू आतून म्हणाल्या, "हे पेटीत ठेवलेल्या चमच्यासारखं झालंय." ताईसाहेबांनी पायजमा मोठा केला तर, ऐसी सूचना केली. ती कोणी मनावर घेतली नाही, आणि ताईसाहेब रुष्ट होऊन कोपऱ्यातल्या नव्या गाद्यांच्या थप्पीवर जाऊन बसल्या आणि तोंड फिरवित्या जाहल्या.

मग दारवाल्या कंपनीचे आसन. येथे खोबण ऐसपैस, गुडघे मोकळे, कंबरेखाली काकांनी स्वहस्ते काथ्याचा पातळ थर घातलेला. काकू कुशीवर वळल्या आणि सुखाने उसासा टाकिला. काकांचा चेहरा उजळला. भाच्यांनी आईकडे असे काही पाहिले की जणू लढाई जिंकून वर लूटही मिळाली, आणि मग मोठ्या तोऱ्यात प्लायवूडचे दार सरकवून बंद केले. शेजारच्या आसनाची दुसरी पेटी करण्याइतके प्लायवूड उरले नव्हते, म्हणोन काका बाहेर स्टुलावर बसले.

 मग आतून आवाज आला, "अहो, आहात का?" काका म्हणाले, "आहे." जरा वेळाने पुन्हा, "अहो?" काका म्हणाले, "आहे गं." तिसऱ्यांदा आवाज आला तो जरा वरच्या पट्टीतला, आणि काका उत्तर देण्यापूर्वीच दार खाड्‌कन सरकले, आणि काकू विस्कटल्या केसांनी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला नाही जायचं. तिला सांगा, आईची कंबर धरलीय." 

सर्वांस विस्मय वाटला. भाचे म्हणाले, "मामी, कंबर तर आत्ता बरी होती की." मग त्यांनी बहुत समजूत घातली. आत पडदा असतो, सिनेमे असतात, कानास लावावयाचे यंत्र असते, ते लाविले की बाहेरचे काही म्हणता काही ऐकू येत नाही, घंटी वाजविली की बाई धावत येते. प्रत्येक वाक्यासरशी काकूंचा चेहरा अधिकच पांढरा पडे, परंतु भाच्यांचे लक्ष चेहऱ्याकडे नव्हते.

काकांना काय सुचले कोण जाणे, ते जोडे काढून पेटीत शिरले, निजले, आणि दार लावण्यास सांगितले. आत अंधार, फळीचा वास, आणि पंख्याची घरघर. बाहेरून काकूंनी विचारिले, "आता मी इथं आहे की नाही, कळतंय का तुम्हाला?" काकांनी आतून फळी चाचपिली. काकू दाराशी वाकल्या आणि म्हणाल्या, "मला भीती वाटते हो. खाली पाणीच पाणी, अंधार, आणि तुम्ही भिंतीपलीकडे. कंबरेचं मी आजवर पुढं केलं. कंबर दुखते, खोटं नाही. पण कंबर दुखली तर सोसता येते."

ज्या काकूंनी पोलीस चौकीत जाऊन हवालदारास झापले, ज्यांच्या भयाने भाजीवाले तराजू दोनदा तपासीत, त्यांणी असे बोलावे, ऐकून सेवकाचे मशीन थांबले. ही गोष्ट दुकानाबाहेर जाऊ नये ऐसी ताकीद काकूंनी तेव्हाच सर्वांस दिल्ही. सेवकाने ती नीट ऐकली नाही.

काका पेटीतून बाहेर आले, स्टुलावर बसले आणि कपाळास हात लाविला. म्हणाले, "जोडप्याची गादी असेल तर दोघांना निजवून पाहतो आपण. एकाला निजवून मी कधी जोडगादी विकली नाही. आणि घरचंच गिऱ्हाईक आलं, तर एकटीला आत कोंबलं." भाचे काही बोलू पाहत होते, परंतु काकांनी हात वर केला आणि नवा हुकूम फर्माविला की, भिंत नको, दार नको, पायजमा नको, ज्या विमानात मध्यावर दोन आसने एकमेकांस लागून, आणि मध्ये आड काही नाही, असे विमान शोधावे.

भाच्यांचे तोंड उतरले. असे विमान एकाच कंपनीचे, आणि ती जुनाट म्हणोन बदनाम. त्यांच्या मित्रमंडळीत तिचे नाव काढणे म्हणजे लग्नास रबरी चपला घालून जाणे. पडदे लहान, भोजन साधे, खुर्ची पलंग होताना कुरकुरते. परंतु मामांची मुद्रा पाहून त्यांणी निमूट लॅपटॉप उघडिला. तो काय पाहावे, आसनांच्या नकाशात मधली एकच जोड शिल्लक, बाकी सर्व परचक्राने व्यापिलेली. ते पाहून तेच भाचे, जे हाडाचे दारवाले, कपाळाचा घाम पुसोन म्हणाले, "मामा, घाई करा, कुणीतरी घेईल." नावे भरिली, जन्मतारखा भरिल्या, कार्डाचा आकडा भरिला, आणि शेवटी बँकेचा सांकेतिक आकडा काकांच्या फोनवर येणार, तो सांगितला तरच किल्ला आपला.

फोन नव्हता. पेटीत नाही, खिशात नाही, पाण्याच्या ट्रेत नाही. घड्याळ उलटे धावू लागले. मग कोणी तरी सेवकाच्याच फोनवरून काकांस घंटी मारिली, आणि ताईसाहेबांच्या बुडाखालून मंजूळ संगीत ऐकू आले. काकांनी तो गाद्यांच्या थप्पीवर ठेविला होता, आणि रुष्ट ताईसाहेब नेमक्या त्याच्यावर येऊन बसल्या होत्या. सर्वांनी विनविले, ताई, उठा. ताईसाहेब म्हणाल्या, "माझं मत विचारलं का कुणी? मग आता मी कशाला उठू?" भाच्यांनी हात जोडिले. काकांनी हात जोडिले. परंतु किल्लेदार हालेना, आणि पडद्यावर वेळ सरत चालली.

शेवटी काकू पुढे जाहल्या. थप्पीवर नणंदेशेजारी बसल्या, आणि हळू म्हणाल्या, "वन्सं, उठा ना. लेक वाट बघतेय." ताईसाहेबांनी एकवार पाहिले, आणि मग म्हणाल्या, "त्यांच्याकडं पिशवी देतात का?" भाच्यांनी शपथेवर सांगितले की देतात, जरा साधी असते, पण देतात. "दोघांच्याही मला आणायच्या." तह जाहला. ताईसाहेब उठल्या, आकडा वाचिला गेला, भाच्यांनी बोट मारिले, आणि मधली जोड काकांच्या नावे रुजू जाहली. कारखान्यात एकच जल्लोष उडाला, आणि सुताराने विमान मोडून दोन स्टुले केली.

पुढे ठरल्या तारखेस उभयता निघाली, आणि बिझनेस क्लासात मधल्या जोडीत बसली, आणि मग निजली. रात्र कशी गेली, विमान कोठे हादरले, कोणी कोणास किती वेळा हाक मारिली, हे त्या दोघांखेरीज कोणास ठाऊक नाही, आणि सेवकाने पुष्कळ विचारूनही काकांनी सांगितले नाही; उतरल्यापुढचे तेवढे मागाहून सांगितले. पलीकडे उतरल्यावर ठाण्यावरच्या अंमलदाराने बोटांचे ठसे मागितले, तो काकांचा उजवा हात उचलेना. रात्रभर कोणाच्या तरी मुठीत होता, तो बधिर होऊन लाकूड जाहला होता, आणि बोटे यंत्रावर सपाट बसेनात. अंमलदाराने पुसिले, काही दुखापत आहे काय. काका म्हणाले, नाही, जरा झोपलाय. मग काकूंनी तो हात स्वहस्ते उचलून यंत्रावर ठेविला आणि बोटे एकेक करून दाबिली.

दुपारी जावयांनी घरी आणिले. लेक पलंगावर होती. आईस पाहताच उठू लागली, तो काकूंनी दटावून निजविले, आणि मग दोघी बराच वेळ एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. थोड्या वेळाने लेकीचे लक्ष बापाकडे गेले. तो दाराशी उभा राहून हात झाडीत होता. "बाबा, हाताला काय झालं?"

काकूंनी काकांस बोलू दिल्हे नाही. म्हणाल्या, "काही नाही. विमानातली गादी बरी नव्हती." 

आता जाणत्यांनी ध्यानी घ्यावे की, काकांसमोर गादीस नाव ठेवून आजवर कोणी सुखाने घरी गेला नव्हता. एका गिऱ्हाइकाशी त्यांणी याच कारणे अबोला धरिला तो त्याच्या मरणापर्यंत टिकला. आणि त्या विमानातली गादी तर त्यांणी निजण्यापूर्वी स्वतः दाबून, उलथून, टाके पाहून उत्तम ठरविली होती. त्यांणी काकूंकडे पाहिले. काकू लेकीच्या पांघरुणाची घडी सारखी करीत होत्या, आणि मान वर करीत नव्हत्या.

काका म्हणाले, "हो. जरा कडकच होती."

येणेप्रमाणे दर्या सर जाहला, माणूस आडवे निजून पोचले, आणि लेकीने मागितले ते तीस मिळाले. मोहीम फत्ते जाहली ऐसे येथे रुजू केले असे. यापुढे मजकूर नाही.