काशादादाचे टायर

मुरबाडच्या एका लग्नात वरात दारात आली. वाजंत्री थांबली, नवरदेवाने गाडीतून पाय बाहेर काढला, तर खाली एक माणूस उकिडवा बसलेला. पाय धुवायला कोणीतरी बसलंय असं समजून नवरदेवाने पाय पुढे केला. त्या माणसाने तो हलकेच बाजूला सारला, गाडीच्या टायरच्या खाचेत अंगठा खुपसला आणि वर बघून विचारलं, "हा ओल्यात धरतो का?"

ते आमचे शेजारी काशादादा.

किन्हवलीत त्यांच्या आणि आमच्या अंगणांच्या मध्ये एक कढीपत्त्याचं झाड तेवढं आहे. झाडाखाली त्यांची पांढरी व्हॅन उभी असते. रोज सकाळी ते आम्हा कल्याणला नोकरीला जाणाऱ्या बायकांना आसनगाव स्टेशनला सोडतात, संध्याकाळी परत आणतात. मधल्या वेळात शहापूरचा दवाखाना, मुरबाडचा बाजार, कोणाचं बारसं, कोणाचा साखरपुडा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नाशिकला दिलेली. घरात ते एकटे, आणि घरात ते नसतातच. चहा उभ्याने, जेवण ओट्यापाशी, पेपर अंगणात फेऱ्या मारत. आमच्याकडे आले की खुर्ची पुढे करावी, त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवून उभं राहावं, आणि बोलता बोलता निघून जावं. निरोप घेतलेला मी पाहिलेला नाही. वाक्य अर्धं आमच्या ओटीवर आणि उरलेलं त्यांच्या अंगणात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या व्हॅनचे टायर पार गुळगुळीत झाले. पावसाच्या आत बदलायला हवेत हे त्यांनाही कळत होतं. पण कोणते घ्यावेत हे ठरेना, आणि त्या न ठरण्याने आख्ख्या गल्लीची झोप उडाली. गल्लीत कोणाकडे पाहुणे आले की काशादादा आधी त्यांच्या गाडीपाशी. अंगठा खाचेत, मग कान टायरला, मग प्रश्न. "धरतो का?" हा प्रश्न त्यांना पुढे इतका चिकटला की कशालाही लागू लागला. चपलेला, डिंकाला, दाराच्या कडीला. आमच्या मुलीला स्थळ आलं तेव्हा मुलाचा पगार, घर, शेती सगळं मी सांगितलं. ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे वैनी. धरतो का?"

"कोणाला?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"आपल्या माणसाला. कठीण वेळ आली का." आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. ते स्थळ आम्ही पुन्हा नीट चौकशी करून मग ठरवलं.

शहापूरचा टायरवाला त्यांना लांबून बघितलं की शटर अर्ध्यावर ओढायचा. मुरबाडचे शेठ तेवढे शांत. त्यांच्याकडे दोन तऱ्हेचे टायर होते. एक बारीक रेघांचा, एक जाड बटणांचा. एकदा मी बाजाराला गेले होते तेव्हा दोघांचं बोलणं माझ्यासमोर झालं.

"दादा, गाडी कुठं चालवता तुमी?" शेठने विचारलं.

"आसनगाव, शहापूर, मुरबाड."

"म्हणजे सगळा डांबर. मग रेघांचा घ्या. पाणी कापतो, ब्रेक लगेच लागतो, आवाज नाय. बटणाचा चिखलाला बरा. डांबरावर तो नुसता गुरगुरतो, ओल्यात घसरतो आणि लवकर झिजतो."

"पण चिखलात?"

"तुमी चिखलात जाता कुठं?"

काशादादा दुकानाबाहेर गेले, व्हॅनभोवती एक चक्कर मारली आणि परत आले. "दोन असे न् दोन तसे बसवले तर?"

"मग गाडी ऐकणार कोणाचं?" शेठ म्हणाले.

असं जून उजाडेपर्यंत चाललं. व्हॅनमध्ये रोज चर्चा. आमच्यातली सुरेखा नर्स आहे. ती म्हणायची, "दादा, घ्या ना कुठलेपण. पेशंटला वाचवायचं तर निर्णय घ्यावा लागतो." दादा आरशातून बघून मान हलवायचे, आणि पुढच्या थांब्याला उतरून टायर बघून यायचे.

मग एका सकाळी ते झालं. रात्रभर पाऊस पडून गेला होता, डांबर चकचकत होतं. शहापूरच्या अलीकडे वळणावर एक वासरू आडवं आलं. दादांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. ती आडवी होऊन सरकत गेली, आम्ही एकमेकींच्या अंगावर, कोणाचा डबा कोणाच्या मांडीवर, आणि रस्त्याच्या कडेच्या दगडाला घासून कशीबशी उभी राहिली. कोणाला काही लागलं नाही. वासरू तर मागे वळूनही न बघता निघून गेलं. दादा उतरले, दार उघडून आम्हा प्रत्येकीचं तोंड बघितलं, आणि रस्त्याच्या कडेला ओल्या गवतात बसले. गाडीबाहेर त्यांना असं टेकलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. सुरेखाने त्यांची नाडी धरली तेव्हा ते म्हणाले, "मला काय नाय गो. तुमाला काय झालं असतं म्हणजे?"

त्या दिवशी एका टेम्पोवाल्याने आम्हाला स्टेशनपर्यंत नेलं. व्हॅन दोन-तीन दिवस कढीपत्त्याखालीच होती. रविवारी दादा आमच्या दारात आले. "वैनी, मुरबाडला येता का? टायर घ्यायचे. एकटा गेलो तर परत तसाच येईन."

मी गेले. गाडी ते इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. मुरबाडला शेठचं दुकान आलं, शेठ उठून उभे राहिले, आणि दादा त्यांच्यासमोरून सरळ पुढे निघाले. "आधी आक्काला इचारू," ते म्हणाले. कोण आक्का, हे मी विचारेपर्यंत टोकावडे आलं होतं.

टोकावड्याच्या पुढे एका ढाब्यापाशी त्यांनी व्हॅन डांबरावरच लावली. तिथून वाडीकडे लाल मातीची चढण जाते. पायाखाली लोण्यासारखा चिखल. वर पहिलंच घर चांगुणाआक्काचं, म्हणजे दादांच्या थोरल्या बहिणीचं. आई लवकर गेली तेव्हा हिनेच त्यांना कडेवर वाढवलं. बारीक अंगाची, कासोटा घातलेली म्हातारी अंगणात कोंबड्यांना कोंडा टाकत होती. तिने मला पाणी दिलं, दादांना बस म्हणाली. ते उभेच.

"टायरचं काय ठरलं रे?" तिने विचारलं. म्हणजे इथेही हेच.

मी हसले तशी ती माझ्याकडे वळली. "तुला सांगला नसंल यानं. गेल्या श्रावणात माझ्या छातीत कळ आली. हा गाडी घेऊन आला, न् चढणीवर चाकं नुसती जागच्या जागी फिरली. वाडीतल्या पोरांनी मला झोळीत घालून खाली नेली. आन् हा चाकापाशी बसून रडत व्हता. झोळीतून मीच हाक मारली, उठ रे, गाडी चालू कर." ती पुन्हा कोंडा टाकू लागली. "तवापासून टायर बघत फिरतो."

दादा चिखलाकडे बघत होते. "बटणाचा घेतला तर गाडी तुझ्या दारात येईल, आक्का. पण डांबरावर तो ओल्यात..." आणि त्यांनी वासराची सगळी हकिकत सांगितली. काही वगळलं नाही.

आक्काने ऐकून घेतलं. "गाडीत रोज बाया किती बसतात?"

"भरून."

"मग मला कशाला इचारतोस?"

"मग तू चल माझ्याकडं. पावसाळ्यापुरती."

"आन् भाताची आवणी कोण लावील? कोंबड्या कोण झाकील?" ती म्हणाली. "मी काय रोज मरत नाय."

उतरताना दादा दोनदा घसरले, मी एकदा. त्याच दुपारी मुरबाडला त्यांनी रेघांचे टायर घेतले. दादांचं मन बदलायच्या आत बसवून व्हावेत म्हणून शेठ स्वतः जॅक लावायला वाकले. दादांनी अंगठा खाचेत घातला नाही, काही विचारलंही नाही.

नंतर व्हॅन इतकी शांत चालू लागली की सकाळी आम्हाला आसनगावपर्यंत झोप लागायची. पण पावसाने जोर धरला तशी एक नवीन गोष्ट सुरू झाली. संध्याकाळी आम्हाला घरी सोडलं की कधी कधी रात्रभर व्हॅन अंगणात दिसेना. सकाळी वेळेवर हजर. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, दादांना आता वायपर घ्यायचे असतील, नाशिकपर्यंत चौकशी चालू असेल.

भादव्यात आम्ही दोघं माझ्या माहेराहून मोटारसायकलने परत येत होतो. टोकावड्याच्या पुढे पावसाने गाठलं म्हणून त्याच ढाब्यावर थांबलो, तर शेडच्या कडेला काशादादांची व्हॅन.

"वर गेलेत," ढाबेवाला म्हणाला. "पाऊस वाढला का येतात. गाडी हितं ठेवतात न् चालत चढतात. सकाळी लवकर उतरतात. मी म्हटलं, सारखा कशाला एवढा हेलपाटा, तर म्हणतात, ती एकटी हाय."

पाऊस जरा ओसरला तसे आम्ही वर गेलो. आक्का चुलीपाशी होती. तिने तोंडावर बोट ठेवलं. भिंतीकडे घोंगडीवर काशादादा हातपाय पसरून पडले होते, तोंड उघडं, घोरणं पावसाच्या वर.

"माझ्यावर ध्यान ठेवायला येतो," ती हळू म्हणाली. "भाकरी खाल्ली का आडवा होतो, तो पहाटेपर्यंत कूस बदलत नाय. ध्यान मलाच ठेवायला लागतं."

"उठवू का?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"नको रे. तिकडं त्याला झोप लागत नाय."

आम्हाला तिने चुलीजवळ बसायला जागा करून दिली. मग दादांची चिखलाने भरून आलेली पँट, जी तिने धुऊन पिळून ठेवली होती, ती झटकली आणि चुलीच्या उबेला धरली. एक बाजू सुकली की दुसरी.