सासूबाईंच्या नावाचा जंतू

मी शोधलेल्या जिवाणूला माझ्या सासूबाईंचं नाव लागणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती! स्वतःचं नाव देणं शास्त्रात बरं दिसत नाही, नाहीतर प्रश्नच नव्हता.

मी रत्नागिरीत कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एकदा मिरकरवाडा बंदरातून आणलेलं म्हाकूल, म्हणजे स्क्विड, ओट्यावरच राहिलं, संध्याकाळी लाईट गेली आणि म्हाकूल चमकायला लागलं! निळसर, मंद, जणू कुणी ताटात चांदणं वाढलंय. वाटण वाटायचं सोडून मी बघतच राहिले.

तो उजेड जिवाणूंचा. ते मी प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवले. पण प्रजाती कुठली? समुद्रातल्या या चमकणाऱ्या प्रजाती म्हणजे जुळ्या बहिणी, साध्या चाचण्यांना ओळखू येत नाहीत. मग संपूर्ण जीनोम वाचून घ्यायला नमुना पुण्याला पाठवला आणि घरी येऊन सासूबाईंना बोलून बसले, "आई, नवी प्रजाती निघाली की तुमचंच नाव!"

आईंनी तडक देवरूखजवळच्या गावी भावाला फोन लावला. "प्रमोद, माझ्या नावाचा जंतू निघालाय!"

फोन खरखरत होता. प्रमोदमामांना ऐकू आलं, ‘माझ्या पोटात जंतू निघालाय!’

सकाळी आठला आईंनी मला दोनदा हाका मारून उठवलं, तर दारात मामा, मामी आणि शहाळ्यांचा डोंगर!

"अक्का, घाबरू नको," मामा रडवेले झाले. "मुंबयच्या मोठ्या डॉक्टरला दाखवू."

"मेल्या, जंतू माझ्या पोटात नाही, सुनेच्या बशीत आहे!"

सगळं समजावल्यावर मामांची छाती फुगली. "म्हणजे अक्काचं नाव जगभर! गावच्या विहारात सत्कार करूया!"

"मामा, निकाल यायचाय अजून."

"येईल गो! एवढी शिकलेली तू, नापास होणार हाय काय?"

मला ‘नको’ म्हणता आलं असतं. पण डोळे मिटले की परदेशातल्या सभागृहात कुणीतरी गोरा माणूस आईंच्या ‘सुनंदा’चं लॅटिन रूप अडखळत ‘सुनंदी, सुनंदी’ असं म्हणताना दिसायचा.

गावाच्या वेशीवर बॅनर लागला: ‘जंतुमाता सुनंदाबाई यांचे हार्दिक अभिनंदन!’ विहार माणसांनी भरला. पांढरीशुभ्र साडी नेसून आई मंचावर बसल्या आणि नेमका तेव्हाच माझ्या फोनवर पुण्याचा निकाल आला. मी वाचला. पायाखालची जांभ्याची फरशी सरकली!

"मंडळी," मी चाचरत उभी राहिले, "आपला जिवाणू एका जुन्या, माहीत असलेल्या प्रजातीशी अठ्ठ्याण्णव टक्के..."

"अठ्ठ्याण्णव टक्के!" मामा ओरडले. "वाजवा टाळ्या!"

टाळ्या, शिट्ट्या! बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली!

"मामा, थांबा! इथे पंच्याण्णवच्या वर जुळलं की नापास! तो नवा नाहीच!"

टाळ्या अर्ध्यावरच थांबल्या. मला वाटलं, आता शहाळी डोक्यात बसणार. पण आई हळूच म्हणाल्या, "दाखव तरी."

बंद काचेची बशी मी बरोबर आणलीच होती. दारं-खिडक्या लावल्या. डोळे अंधाराला सरावले, तसा तो निळा उजेड हळूहळू उमलत गेला. बशी हातोहात फिरली. ज्याच्या हाती जाई, त्याचा चेहरा क्षणभर पाण्याखाली असल्यासारखा दिसे. पोरंसुद्धा श्वास धरून होती. शेवटी ती आईंच्या ओंजळीत आली.

"याला मग नाव कुणाचं गो?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"कुणा परदेशी साहेबाचं आहे, आई."

त्यांनी बशी डोळ्यांजवळ नेली. मग एक उसासा सोडून म्हणाल्या,

"त्याची सून सकाळी लवकर उठत असणार!"