इलियासची लाल रेघ

कोणतीही यादी इलियासच्या हाती देऊ नये. आमच्या काल्हेरच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनाची यादी मी एकदा त्याला दाखवली. त्याने खिशातून लाल पेन काढले आणि मंडप, दोन भोंगे, प्रमुख पाहुणे व पाहुण्यांची शाल यांवर शांतपणे रेघ ओढली.

"सर, हे दिसतंय, लागत नाही."

प्रमुख पाहुणा मीच होतो.

सेक्रेटरी भोईर याला कंजूषपणा म्हणतात. भोईरांचे निदान चुकीचे आहे, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितले आहे. हा त्याच्या व्यवसायाचा संस्कार आहे. संगणकाच्या प्रोग्रामांच्या एका मोठ्या, सर्वांना मोफत खुल्या संग्रहासाठी इलियास घरी बसून पॅकेजेस, म्हणजे संगणकात थेट उतरवता येणारे प्रोग्रामांचे गठ्ठे, बांधतो. एका प्रोग्रामला चालण्यासाठी दुसरे कोणते लागतात, याची यादी यंत्र आपोआप करते. यंत्र भोळे असते. नमुन्यादाखल ठेवलेल्या फाइलीत कुणाचे नाव दिसले, तरी ते 'आवश्यक' म्हणून लिहून मोकळे होते. मग साधी आकडेमोड करू पाहणाऱ्याच्या संगणकात डझनभर बिनकामाची मंडळी उतरतात. अशी नावे गाळण्याचा हुकूम यंत्राला लिहून देणे, हे इलियासचे काम.

भोईरांचा दुसरा आरोप अधिक गंभीर आहे. "त्याला मानसं लागत न्हाय, सर. सख्खा भाव बी काटून टाकलाय त्यानं!"

यात तथ्य एवढेच, की वडिलांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, भंगारात काढताना इलियास धाकट्या सलीमला आपले 'दिसतंय, लागत नाही' हे ठरलेले वाक्य बोलला. सलीमने त्याच लूमसाठी ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोजणारा एक छोटा प्रोग्राम लिहून त्या खुल्या संग्रहात ठेवला होता. सलीम रागावून मालेगावला निघून गेला. त्यानंतर दोघांत फोन नाही. भिवंडीत शेलारजवळच्या त्या लूमच्या गाळ्यात आता कुणाचे तरी गोदाम आहे.

गेल्या रविवारी मी इलियासकडे चहाला बसलो होतो. पडद्यावर एका हिशेबाच्या प्रोग्रामची यंत्राने केलेली यादी होती. इतकी वर्षे ऐकून ही विद्या मलाही थोडीफार अवगत झाली आहे. मी चष्मा सावरून बोट ठेवले.

"ही ओळ गाळ. धागे मोजण्याचा हिशेबाशी काय संबंध? नमुन्याच्या फाइलीत नाव आहे, एवढेच. दिसतंय, लागत नाही."

इलियासने कप खाली ठेवला.

"राहू द्या, सर."

"का? नियम म्हणजे नियम!"

"ज्याची कुणालाच गरज नाही, तो प्रोग्राम संग्रहातून काढतात. सलीमचा या एका ओळीवर टिकलाय. कधी शोधलाच त्यानं, तर सापडायला हवा."

म्हणजे जगभरातल्या कारकुनांच्या संगणकांत भिवंडीच्या ताण्याचे धागे विनाकारण उतरत होते, आणि हे त्याला पक्के ठाऊक होते.

"पण तो लागत नाही, इलियास," मी म्हणालो.

"लागतो, सर."

विधान शास्त्रदृष्ट्या साफ चुकीचे होते. आयुष्यात प्रथमच मी समोरच्याची चूक दुरुस्त केली नाही.