उलटा ढाळ

कोकरे गुरुजींच्या मोरीतलं पाणी स्वयंपाकघरात जात असे.

बाहेर जायला भोक होतं, भोकाला जाळी होती, पण पाण्याला तिकडे जावंसं वाटत नसे. ते उंबऱ्याखालून निघे, ओट्याला वळसा घाली आणि पिठाच्या डब्यापाशी जाऊन थांबे. गवंड्याने फरशीचा ढाळ उलटा काढला होता. गेले आठ महिने गुरुजी रोज सकाळी आंघोळ करत आणि कौसल्याबाई खराटा घेऊन ती आंघोळ परत मोरीत लोटत.

इंदापूरला शाळेत शिकवत असताना गुरुजींना वाटे, निवृत्तीनंतर बारामतीत राहावं. पुण्यासारखी गर्दी नाही आणि गावासारख्या चौकशा नाहीत. फंडाच्या पैशातून त्यांनी गावाबाहेरच्या नव्या सोसायटीत तीन खोल्या बांधल्या. राहायला आल्यावर कळलं, की गर्दी वाढायला लागली आहे आणि चौकशा काही कमी झालेल्या नाहीत. पुस्तक घेऊन ओसरीत बसलं, तरी रस्त्यावरून जाणारा माणूस सायकल थांबवून विचारी, "काय गुरुजी, बसलाय?" बसलोय, हे त्याला दिसत असे. तरीही सांगावं लागे.

महिपती गवंडी म्हणजे भरघोस गलमिशा आणि भगवा फेटा. तो एका वेळी बारामतीत आणि आसपास पंधरा ठिकाणी काम करत होता, म्हणजे कुठेच करत नव्हता. गुरुजी त्याच्या घरी अकरा वेळा जाऊन आले. अकराही वेळा तो आत्ताच बाहेर पडलेला होता. एकदा तर चुलीपुढे अर्धी भाकरी आणि वाफा निघणारं कालवण होतं, पण महिपती नव्हता. गुरुजींना वाटलं, आपलीच यायची वेळ चुकली असेल. त्यांना नेहमी असंच वाटे.

त्या सोमवारी भाजीवाल्या सिंधुबाईने बातमी आणली.

"महिपतीचा म्हातारा वारला की. आज दहावा हाय, कऱ्हेच्या घाटावर."

कौसल्याबाईंनी खराटा भिंतीला टेकवला. "अहो, ऐकलंत का? उठा. टोपी घाला."

"कशाला?"

"स्वतःच्या बापाच्या दहाव्यातून माणूस कुठं पळतोय? आज सापडतो बघा."

"अगं, त्याच्या घरात दुःख झालंय. तिथं मोरीचं कसं काढायचं?"

"मोरीचं काढूच नका. नुसतं तोंड दाखवा. त्याचं त्याला कळेल."

"आणि नाही कळलं तर?"

"मग तेराव्याला पुन्हा दाखवा."

  गुरुजींनी धुतलेली टोपी घातली, पिशवीत एक पुस्तक टाकलं, कारण अशा ठिकाणी फार वेळ बसावं लागतं, आणि ते निघाले.

बारामती आता एवढी मोठी झाली होती, की एका सकाळी घाटावर दोन-दोन दहावे असत. आणि अजून एवढी लहान होती, की दोन्हींकडे जावं लागे. गुरुजी पोचले तेव्हा अलीकडे पिंपळाखाली एक घोळका होता आणि पन्नास पावलांवर बाभळीखाली दुसरा. महिपतीच्या बापाचं नाव गुरुजींना ठाऊक नव्हतं. गवंड्याच्या बापाचं नाव कोण विचारतं? महिपतीला नुसतं बघून ओळखू, असा त्यांचा हिशेब होता. पण पिंपळाखाली पाच भाऊ ओळीने बसले होते, आणि पाचांचीही डोकी आणि मिशा सफाचट केलेल्या. त्यांच्यात महिपती कोणता, हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

ते घुटमळत उभे होते, तेवढ्यात एका म्हाताऱ्याने हाताला धरून त्यांना खाली बसवलंच.

"या गुरुजी, टेका. लई येळ झाला, कावळा काय शिवंना."

या म्हाताऱ्याला सगळे तात्या म्हणत होते. गुरुजी बसले. समोर केळीच्या पानावर भाताचा पिंड होता, त्यावर दही, शेजारी मयताच्या आवडीची भजी आणि तंबाखूची पुडी. वर फांदीवर एक कावळा होता. तो पिंडाकडे पाठ करून बसला होता.

माणसं सकाळपासून उपाशी होती. पिंडाला कावळा शिवल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, आणि मयताची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. म्हणून एकेक जण उठून हात जोडत होता.

"आबा, धाकट्याचं लगीन मी करून देतो," थोरला म्हणाला. कावळा हलला नाही.

"आबा, आईला मी संबाळतो," दुसरा म्हणाला.

"मला कुनी संबाळायची गरज न्हाय," मागून त्यांची आई ठमाबाई म्हणाली. "म्हस म्हणा. त्यांचा जीव म्हशीत व्हता."

"आबा, म्हस इकत न्हाय!"

कावळ्याने चोच फांदीला घासली. ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलं. कुणीतरी दर्भाचा कावळा करून शिवावा अशी सूचना केली, पण तात्यांना ती पटली नाही.

"त्यो खोटा कावळा झाला. आता भावकी, पाव्हणं, सगळ्यांनी ऐका. कुनाच्या मनात राग-रुसवा असंल तर सोडा. जीव अडाकलाय मान्साचा."

गुरुजींनी मांडीवर उघडलेलं पुस्तक मिटलं. कावळ्याला भूक लागली की तो येतो, असं त्यांनी तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. पण आज पहाटेच, पाय ओले झाले असताना, महिपतीच्या सबंध खानदानाबद्दल ते मनात काहीबाही बोलले होते. खानदानात बाप आलाच. आपल्यामुळे तर अडलं नसेल? एवढी माणसं उपाशी, आणि तीही आपल्या मोरीपायी?

ते उठले.  त्यांनी पिंडासमोर हात जोडले.

"माझा राग होता," ते म्हणाले. "तुमच्या मुलानं बांधलेल्या मोरीचं पाणी उलटं घरात येतं. पण असू दे. आम्ही रोज काढू. माझी काहीएक तक्रार नाही."

कावळा फडफडत उतरला आणि त्याने सरळ पिंडात चोच घातली.

"शिवला!" अशी आरोळी उठली. सगळा घोळका एका दमात उभा राहिला. ठमाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. थोरला मुलगा मात्र गुरुजींपाशी येऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, कसली मोरी? आमची तर पिठाची गिरण हाय."

"तुम्ही... महिपती गवंडी?"

"न्हाय वो. महिपतीचं तिकडं, बाभळीखाली. त्यांचाबी कावळा शिवंना झालाय."

गुरुजींना वाटलं, आता इथेच वाळूत पुरून घ्यावं. ते माफी मागू लागले, पण तात्यांनी त्यांचा हात सोडला नाही.

"माफी कसली मागताय? पाच पोरांनी जोर लावला, तरी हालला न्हाय. तुमी दोन शबुद बोलला आन् खाली आला! चला तिकडं. तीबी मान्संच हायेत."

"अहो तात्या, तो योगायोग होता. त्याला भूक लागली असेल."

"आमाला काय कमी लागली व्हती का?" तात्या म्हणाले, आणि त्यांनी गुरुजींना ओढत बाभळीखाली नेलं.

तिथे दोनच भाऊ बसले होते. त्यातल्या एकाने गुरुजींना पाहताच मान खाली घातली आणि तो दुसऱ्याच्या पाठीमागे सरकला. फेटा नव्हता, मिशा नव्हत्या, पण ते सरकणं गुरुजींनी ओळखलं. महिपती सापडला होता.

"सरका, सरका!" तात्यांनी हाळी दिली. "ह्ये गुरुजी बोललं की कावळा शिवतोय. आत्ता तिकडं सगळ्यांनी बगितलंय."

शंभर माणसं गुरुजींकडे बघू लागली. महिपतीही बघू लागला, आणि त्याच्या डोळ्यांत एवढी काकुळती होती की गुरुजींना त्याची दया आली. आता एक वाक्य बोललं असतं, तर मोरीचं काम झालं असतं. कौसल्याबाई इथे असत्या, तर त्यांनी मोरीबरोबर पुढची पायरीही करून घेतली असती. पण गुरुजींची अडचण निराळी होती. त्यांच्याकडे राग एकच होता, आणि तो चुकीच्या पिंडासमोर सोडून झाला होता. असा सोडलेला राग परत घेता येतो की नाही, हे त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं.

"माझं काही राहिलेलं नाही," ते म्हणाले.

कावळा तोच होता. पिंपळाखालचा पिंड खाऊन तो आता बाभळीवर येऊन बसला होता. त्याने गुरुजींकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"आणखी जरा मोठ्यानं," कुणीतरी सुचवलं.

"माझं काही राहिलेलं नाही!"

काही झालं नाही. तात्या जरा ओशाळले. मग महिपतीची आई सारजाबाई पुढे झाली. ती काठीसारखी सरळ होती आणि तिच्या हातातही काठी होती.

"ते काय बोलत्यात? तू बोल की रं भाड्या! मरायच्या आदल्या दिशी तुझा बा म्हनत व्हता, पोरगं मान्सांची कामं अर्धी टाकतंय, मला तोंड दाखवाय जागा ठिवली न्हाय. बोल, कुनाकुनाचं टाकलंयस?"

महिपती म्हणाला, "शेळगावच्या सरपंचांची भित."

सगळ्यांनी वर पाहिलं. कावळा ढिम्म.

"माळेगावात एक हौद. त्यो गळतोय." कावळा ढिम्म. "लोणी देवकरला कारखान्याच्या साहेबाचं कंपौंड." घोळक्यात बसलेला एक माणूस म्हणाला, "आन् माझा जिना?" महिपती म्हणाला, "व्हय, ह्यांचा जिना. वरनं खाली येतोय, पर जिमिनीला टेकला न्हाय."

अशी नावं निघत गेली. अर्धा तास झाला. सारजाबाई मध्येमध्ये काठी आपटत होती. शेवटी महिपती गुरुजींकडे न बघता म्हणाला, "आन् गुरुजींची मोरी. उद्याच्या उद्या जातो. फरशी उकरून ढाळ नीट काढून देतो. आबा, तुमची शपत."

कावळा दोन फांद्या खाली आला, जरा विचार केल्यासारखं थांबला, आणि पिंडावर उतरला.

अर्ध्या तासात त्याला पुन्हा भूक लागली असणार, हे गुरुजींना स्पष्ट दिसत होतं. पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तरी कुणी ऐकलं नसतं. माणसं जेवायला पळाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता महिपती खरंच दारात उभा राहिला. तुळतुळीत डोकं, हातात छिन्नी-हातोडा. कौसल्याबाईंनी आधी त्याला ओळखलंच नाही आणि ओळखल्यावर चहा टाकला. महिपतीने दहा वाजेपर्यंत सगळी फरशी उकरली, भोकाची जाळी काढली, मोरीच्या जागी हातभर खड्डा केला. खड्ड्याकडे बघताना गुरुजींना आठ महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, की बारामतीत येऊन आपण अगदीच काही चुकलो नाही.

साडेदहाला दारात एक राजदूत फटफटी थांबली. गाडीवरच्या माणसाच्या कपाळावर घाम होता.

"कावळावालं गुरुजी हितंच ऱ्हात्यात का?"

बारामतीत नळाचं पाणी वरच्या मजल्यावर चढायला वेळ लागे. बातमीला लागत नसे.

"मी फक्त शिक्षक होतो," गुरुजी म्हणाले.

"शेळगावास्नं आलोय. आमच्या चुलत्यांचा दहावा हाय. सात वाजल्यापास्नं दीडशे माणूस उनात बसलंय, कावळा शिवंना. तुमी नुसतं येऊन दोन शबुद बोला."

"अहो, माझ्या बोलण्यानं काही होत नाही. काल दुसऱ्या ठिकाणी मी दोनदा बोललो, ढिम्म हलला नाही. विचारा या महिपतीला."

महिपती खड्ड्यात उभा राहून ऐकत होता. त्याने छिन्नी खाली ठेवली.

"शेळगावात कोन गेलं म्हनला?"

त्या माणसाने नाव सांगितलं.

"आरारारा! ते तर आमच्या मावशीचं दीर!" महिपती खड्ड्यातून वर आला आणि हात धुवायला लागला. "सुतकात मला कुनी सांगितलंबी न्हाय. जायाच पायजे गुरुजी. आन् शेळगावच्या सरपंचांची भित हाय माझ्याकडं. काल आबांपुढं कबूल केलंय. आज तोंड चुकवलं तर काय म्हनतील?"

"अरे, पण हा खड्डा?" गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, दीडशे माणूस उपाशी हाय," गाडीवरचा माणूस म्हणाला.

गुरुजींनी एकदा खड्ड्याकडे पाहिलं आणि एकदा दीडशे माणसांचा विचार केला. नाही म्हणायला एक विशिष्ट प्रकारचा घसा लागतो. तो त्यांना देवाने दिला नव्हता. त्यांनी टोपी घातली. राजदूतवर ते मध्ये बसले, मागे महिपती. पोत्यात कापूस कोंबावा तसं त्यांना दोघांनी कोंबून घेतलं.

कौसल्याबाई खराटा घेऊन दारात आल्या.

"अहो, आणि आता आंघोळीचं पाणी कुठं जाणार?"

गुरुजींना मागे वळता येत नव्हतं. त्यांच्या वतीने महिपतीनेच वळून सांगितलं.

"काळजी करू नका वैनी. आता कुठंच जात न्हाय. हितंच ऱ्हातंय."